आधी पाइप, मग पंखा : लेसर कटरच्या धुराचे गणित

लाकूड, ॲक्रिलिक, कापड, चामडे कापणाऱ्या बहुतेक लेसर यंत्रांच्या पाठीमागे काचेची एक लांब नळी आडवी बसवलेली असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण असते. कार्बन डायऑक्साइडपासून लेसर किरण मिळवून दाखवला तो सी. कुमार एन. पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये. हे पटेल जन्माने बारामतीचे. २ जुलै १९३८ ही त्यांची जन्मतारीख. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. नंदुरबारच्या एखाद्या गाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनाची मानचिन्हे कापणारा किरण त्याच जातीचा असतो. या बारामतीकराचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतले.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही. गंमत अशी की पारदर्शक ॲक्रिलिकमधून आपल्याला आरपार दिसते, पण या किरणाच्या लेखी तीच वस्तू भिंतीसारखी अपारदर्शक. म्हणून यंत्राचे झाकण ॲक्रिलिकचे असूनही परावर्तित किरण बाहेर येत नाही, आणि म्हणूनच ॲक्रिलिक इतके सुरेख कापले जाते. येणारी सगळी ऊर्जा ते गिळते आणि कापाच्या रेषेवरचा पदार्थ वाफ होऊन जातो.

ही वाफ जाते कुठे, हा या लेखाचा विषय.

खेड्यापाड्यांत अशी यंत्रे नेण्याच्या खटाटोपात महाराष्ट्र मागे नव्हता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवण्याची खुली कार्यशाळा, २००२ साली तिथेच उभी राहिली. फॅब लॅबच्या नेहमीच्या सरंजामात लेसर कटर असतोच. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि संस्थांच्या हातून ती दुकानांच्या हाती आली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे, आणि सुरतेच्या कापड धंद्यात लेसरने कापड कापणे ही आता जुनी गोष्ट झाली. यंत्र घेताना ट्यूबचे वॅट, बेडचा आकार, वॉरंटी यांवर तासभर घासाघीस होते. धूर काढणाऱ्या पंख्याचा विषय मात्र ‘तो सोबत येतोच’ या तीन शब्दांत मिटतो. तो येतो हे खरे. पण तो कुठे बसेल, किती लांब पाइपातून हवा ओढेल, त्या पाइपाला किती वळणे असतील, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. आणि पंख्याची कुवत ठरते ती नेमकी याच गोष्टींवरून.

आधी धूर किती होतो ते पाहू. तीन मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक सेकंदाला १५ मिलिमीटर वेगाने कापले आणि कापाची रुंदी ०.२ मिलिमीटर धरली, तर सेकंदाला ९ घन मिलिमीटर ॲक्रिलिक नाहीसे होते. वजनात सांगायचे तर सुमारे ११ मिलिग्रॅम, म्हणजे मिनिटाला पाऊण ग्रॅमच्या थोडे आत. आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. पण ॲक्रिलिक तापले की त्याची साखळी सुटून ते पुन्हा आपल्या मूळ द्रवाची, मिथाइल मेथाक्रिलेटची, वाफ होते. दातांची कवळी बनवणाऱ्यांकडे जो उग्र गोडसर वास येतो, तो याच द्रवाचा. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांत त्याची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम आहे, म्हणजे घनमीटर हवेत सुमारे ४१० मिलिग्रॅम. आता दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात ३४ घनमीटर हवा मावते. दारे-खिडक्या बंद असतील आणि सगळी वाफ खोलीतच राहिली, तर सलग कापणीच्या बावीसएक मिनिटांत ती मर्यादा गाठली जाते. नाकाला वास त्याच्या कितीतरी आधी येतो, आणि थोड्या वेळाने यायचा बंद होतो, कारण नाक सरावते. वास येत नाही म्हणजे हवा साफ झाली, असा हिशेब मालकाने कधीच करू नये.

एमडीएफची तऱ्हा निराळी. लाकडाचे बारीक तंतू युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकाने बांधून हा बोर्ड बनतो. किरण लागला की फॉर्मल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म काजळी असा सगळा गोतावळा एकदमच बाहेर पडतो. क्रोमने कमावलेले चामडे कापताना क्रोमियमचे घातक रूप तयार होण्याचा धोका असतो. एबीएस प्लास्टिकमधून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

आणि सगळ्यांत वाईट ते पीव्हीसी. इथे मला जरा आवाज चढवावासा वाटतो, कारण फलक-बॅनरवाल्यांच्या दुकानात ॲक्रिलिकच्या शेजारीच सनबोर्ड उभा असतो आणि सनबोर्ड म्हणजे फुगवलेले पीव्हीसी. रेक्झिनही बहुधा तेच, फ्लेक्सही तेच. पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, भाग क्लोरीनचा असतो. किरण लागला की तो हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निघतो आणि दमट हवेत, आपल्या फुप्फुसांतही, त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. पावसाळ्यात एकदोनदा सनबोर्ड कापला तरी यंत्राच्या रेल आणि बेअरिंगवर तांबूस गंज दिसू लागतो. कितीही मोठा पंखा लावला तरी हा माल लेसरखाली घालायचा नाही. माल कोणता याची शंका असेल तर १८७२ साली बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने सांगितलेली परीक्षा आजही कामाला येते. तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल करायची, तापलेलीच त्या प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तुकडा कचऱ्यात. परीक्षा उघड्यावर करायची आणि तोंड वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचे.

धूर यंत्राच्या पेटीतच घोटाळत राहिला तर यंत्राचेही नुकसान होते. किरण एकवटणारे छोटे भिंग झिंक सेलेनाइडचे असते. त्यावर काजळीचा थर बसला की तो थर किरण शोषतो, भिंग तापते आणि तडकते. महिना-दोन महिन्यांनी भिंग बदलावे लागते अशी तक्रार असेल, तर दोष भिंगाचा कमी आणि धुराच्या वाटेचा जास्त, असे बेलाशक समजावे.

पंख्यांकडे वळू. पंख्याने दूषित हवा ओढण्याची कला खाणींतून आली. जर्मन विद्वान अग्रिकोला याच्या १५५६ सालच्या खाणकामावरील ग्रंथात खाणीत हवा खेळवणाऱ्या फिरत्या पात्यांची चित्रे आहेत. साब्लुकोव्ह या रशियन लष्करी अभियंत्याने १८३२ साली केंद्रोत्सारी पंखा बनवला. ज्याला आपण ‘ब्लोअर’ म्हणतो तो त्याच्याच वंशातला. पंख्यांची घराणी ढोबळमानाने दोन. पहिला स्वयंपाकघरातल्या भिंतीतला एक्झॉस्ट. याची पाती विमानाच्या पंख्यासारखी असतात आणि हवा सरळ आत येऊन सरळ बाहेर जाते. दुसरा गोगलगायीच्या आकाराच्या डब्यातला ब्लोअर. त्यात हवा मधून शिरते आणि काटकोनात कडेने फेकली जाते. पहिला हवा भरपूर हलवतो, पण अडथळा आला की हात टेकतो. दुसरा हवा थोडी कमी हलवेल, पण दाबाला दाब देतो.

कॅटलॉगमध्ये, डब्यावर, सगळीकडे जो मोठा आकडा छापलेला असतो, घनमीटर प्रतितास किंवा सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट), तो पंखा मोकळ्या हवेत, पुढे-मागे काहीही न जोडता फिरवून काढलेला असतो. पाइप जोडला की आकडा उतरतो. किती उतरतो हे पंख्याच्या आलेखावर दिसते. एका अक्षावर हवा, दुसऱ्यावर दाब. हा आलेख देत नाही त्या दुकानातून पंखा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक हिशेब शेवटापर्यंत करून पाहू. समजा ९०० बाय ६०० मिलिमीटर बेडचे यंत्र आहे. त्याच्या सगळ्या फटी, खालची तोंडे, झाकणाच्या कडा मिळून ०.२ चौरस मीटर जागा उघडी आहे. धूर त्या फटींतून बाहेर डोकावू नये यासाठी प्रत्येक फटीतून हवा आत शिरली पाहिजे, निदान सेकंदाला अर्धा मीटर वेगाने. म्हणजे सेकंदाला ०.१ घनमीटर, तासाला ३६० घनमीटर, सीएफएममध्ये २१२. एवढी हवा चार इंची पाइपातून न्यायची तर तिला सेकंदाला पावणेतेरा मीटर वेगाने पळावे लागते. सहा इंची पाइपात तेच काम पावणेसहा मीटरमध्ये होते. पाइप गुळगुळीत, सहा मीटर लांब आणि दोन एल्बोंचा धरला, तर घर्षण, वळणे, पाइपात शिरताना आणि बाहेर पडताना होणारा तोटा, सगळे मिळून चार इंचीत सुमारे ३४० पास्कल दाब खर्च होतो. सहा इंचीत ६२. पंखा तोच, हवा तितकीच, फक्त पाइप दोन इंचांनी मोठा केला आणि खर्च साडेपाच पटींनी उतरला! नुसते घर्षण पाहिले तर ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, म्हणून व्यास दीडपट झाला की घर्षण साडेसात पटींनी कमी होते. हवेच्या शास्त्रात मला सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते.

भिंतीतल्या साध्या एक्झॉस्ट पंख्याची मजल पन्नासएक पास्कलच्या पुढे सहसा जात नाही. म्हणजे चार इंचीत तर सोडाच, सहा इंचीतही तो थकणार, कारण यंत्राच्या पोटातली जाळी आणि मागचे तोंड आपला वाटा वेगळा मागतात. त्यासाठी आणि पुढे साचणाऱ्या काजळीसाठी जमेस धरून, या उदाहरणात ३६० घनमीटर हवा २०० ते २५० पास्कल दाबाला देणारा पंखा शोधावा. तसा मिळतो तो ब्लोअरच.

बाजारात चंदेरी, पन्हाळीदार, अकॉर्डियनसारखा लांब-आखूड होणारा नळ मिळतो. यंत्रासोबत तोच येतो. बसवायला तो सोपा, पण त्याच्या आतल्या वळ्या हवेला दर बोटभर अंतरावर अडवतात, आणि तो अर्धवट ताणलेला, लोंबकळत ठेवला तर घर्षण गुळगुळीत पाइपाच्या कितीतरी पट होते. यंत्राच्या तोंडाशी हातभर तुकडा ठेवावा, म्हणजे यंत्र सरकवता येते. पुढे सगळा पत्र्याचा पाइप. पीव्हीसीचा पाइप घालणारेही आहेत, पण आतल्या चिकट थराला कधी ठिणगी लागली तर पत्रा निदान जळत नाही.

पाइप लहान ठेवून पंखा जोरात फिरवू म्हटले तर काय होते? हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, दाब फेऱ्यांच्या वर्गाने आणि वीज घनाने. त्याच पाइपातून दुप्पट हवा हवी असेल तर आठपट वीज. उलट बाजूनेही हा नियम तितकाच खरा. वीज कमी दाबाने आली आणि छोट्या मोटरचे फेरे १० टक्क्यांनी उतरले, तर दाब १९ टक्क्यांनी उतरतो. ज्या भागात संध्याकाळी दिवे मंद होतात तिथे पंखा घेताना थोडी जास्तीची कुवत धरावी ती यासाठी.

ब्लोअरच्या पात्यांचा बाक कोणत्या दिशेला आहे तेही पाहून घ्यावे. खूप बारीक पात्यांचा, पुढे वाकलेला, पिंजऱ्यासारखा ब्लोअर स्वस्त आणि शांत असतो, पण काजळी त्या पात्यांच्या खळग्यांत भरते. मागे वाकलेल्या थोड्या आणि रुंद पात्यांवर घाण कमी टिकते आणि पाइप मोकळा असला तरी मोटरवर जादा भार येत नाही. एमडीएफ जास्त कापणाऱ्याने दुसराच घ्यावा.

पंखा यंत्राला चिकटून ठेवायचा की पाइपाच्या बाहेरच्या टोकाला? बाहेरच्या टोकाला. मग खोलीतला सगळा पाइप ओढीखाली राहतो. जोड कुठे सैल असला तरी खोलीतली हवा पाइपात शिरते, पाइपातला धूर खोलीत येत नाही. पंखा यंत्राजवळ ठेवला तर पुढचा पाइप फुंकीखाली जातो आणि प्रत्येक सैल क्लॅम्पमधून वास गळू लागतो. आवाजही बाहेर राहतो, हा वरचा फायदा. १९४८ सालच्या कारखाना कायद्याच्या १४व्या कलमात धूळ आणि वायू जिथे निर्माण होतात तिथल्या तिथे ओढावेत आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी, असे तत्त्व घालून दिले होते. दोन माणसांच्या दुकानाला तसा कायदा लागू नसेलही, पण फुप्फुसे तीच असतात.

आता नंदुरबारची हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. ४३ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी हलकी असते. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा, तापमान सारखे धरले तरी, नंदुरबार शहरातल्या हवेपेक्षा दहाव्या भागाने विरळ. मग पंखा कमी ओढेल का? गंमत म्हणजे घनमीटरमध्ये तितकेच ओढेल. हवा हलकी झाल्याने पंख्याचा दाब उतरतो, पण पाइपाचा अडथळाही त्याच प्रमाणात उतरतो आणि दोघांची गाठ त्याच जागी पडते. तापते ती मोटर, कारण तिला गार करणारी हवाच गरम असते. पत्र्याच्या छपराखाली, दुपारच्या उन्हात बसवलेल्या ब्लोअरवर सावलीची सोय करावी. लेसरच्या काचेच्या ट्यूबलाही हाच उन्हाळा जाचतो. पंखा आणि रेडिएटरवर चालणारा साधा कूलिंग बॉक्स पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, त्यामुळे इथे कॉम्प्रेसरचा चिलर घ्यावाच लागतो.

दुकानात एसी असेल तर एक अप्रिय हिशेब करावा लागतो. पंखा सेकंदाला ०.१ घनमीटर गार केलेली हवा बाहेर फेकतो आणि तितकीच बाहेरची तापलेली हवा फटींतून आत येते. बाहेर ४३ आणि आत २७ अंश असतील तर सुमारे १८०० वॅट गारवा, म्हणजे अर्ध्या टनाचा एसी, नुसता धुराड्यातून जातो. यावर खानदेशी उपाय म्हणजे डेझर्ट कूलर. तो मुळात बाहेरची हवा ओलावून आत ढकलतो, त्यामुळे पंख्याने काढलेल्या हवेची भरपाई आपोआप होते. एवढेच पाहावे की त्याचा झोत थेट यंत्रावर येऊ नये. तिरका झोत झाकणाच्या फटीतून शिरला तर धूर दुसऱ्या फटीतून उपसून बाहेर काढतो आणि मग चांगल्या पंख्यालाही बोल लागतो.

भरपाईची हवा कुठून घ्यायची याचाही विचार हवा. दार-खिडकी गच्च बंद करून पंखा लावला तर पंखा गुदमरतो. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीची मोठी आवक होते आणि हिवाळ्यात शहराच्या कडेला पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते. त्या बाजूची खिडकी उघडी ठेवून लेसर चालवणाऱ्याला ठसका नेमका कशाचा, ॲक्रिलिकचा की मिरचीचा, हे कळायला मार्ग नाही. खिडकी दुसऱ्या अंगाला असावी आणि धुराचे तोंड तिच्यापासून शक्य तितके लांब, छपराच्या वर. पावसासाठी त्या तोंडावर लोक शंकूची टोपी बसवतात. ती धुराला खाली वळवते आणि शेजाऱ्याच्या गॅलरीत सोडते. पाइपाच्या तोंडाभोवती थोडा मोठा, उंच पत्र्याचा नळा उभा बसवला तर धूर सरळ वर जातो आणि पाऊस दोन नळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून खाली गळतो. बाहेर सोडायला जागाच नसेल तर कार्बनचे फिल्टर आहेत, पण ते स्वतःच शेकडो पास्कल खातात आणि एमडीएफच्या काजळीने लवकर गच्च होतात.

बसवून झाले की परीक्षा. अगरबत्ती पेटवून झाकणाच्या कडेने हळूहळू फिरवा. धुराची रेघ प्रत्येक ठिकाणी आत वाकली पाहिजे. जिथे ती सरळ उभी राहते किंवा बाहेर वळते, तिथे एक तर पंखा अपुरा आहे किंवा दुसरीकडे मोठी फट राहिली आहे. बेडचा रिकामा भाग पातळ पत्र्याने झाकला तर ओढ कामाच्या जागी एकवटते. कागदाने किंवा पुठ्ठ्याने झाकू नये. ॲक्रिलिकची वाफ स्फोट होण्याइतकी खोलीत साठत नाही, पण किरणाच्या टोकाशी ती पेट घेते.

आणखी एक मोजमाप शंभर रुपयांच्या आत होते. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवा, तिच्यात कुंकू कालवलेले पाणी अर्ध्यापर्यंत भरा, शेजारी मिलिमीटरची पट्टी लावा. नळीचे एक टोक पंख्याच्या अलीकडे पाइपाला पाडलेल्या बारीक भोकात घट्ट बसवा, दुसरे मोकळे. पंखा सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक पडतो आणि दर मिलिमीटरचा फरक म्हणजे ९.८ पास्कल. पंखा नवा असताना आलेला आकडा भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावा. पुढे आकडा वाढला तर भोकाच्या अलीकडे पाइप किंवा यंत्राची जाळी काजळीने भरली आहे. आकडा उतरला तर कुठेतरी जोड सुटला आहे, पात्यांवर थर बसला आहे, बाहेरचे तोंड तुंबले आहे किंवा वीज कमी दाबाने येते आहे. पात्यांवर थर असेल तर ब्लोअर हादरून आवाजही करतो. तो थर वीज तोडून, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचा, आणि निघालेला चिकट भुगा सुक्या कागदाच्या कचऱ्यात न टाकता पाण्याने भरलेल्या डब्यात टाकायचा.